रेषेअलीकडच्या दोन गाड्या

माणूस गेम का खेळतो, हे त्याला न विचारता ओळखायचं, हे लेकीचं गेम बनवणाऱ्या कंपनीतलं काम. आहे की नाही गंमत? कोण जिंकायला खेळतो, कोण वेळ घालवायला, कोणाचं मन उडालंय, हे खेळाच्या नोंदींवरून तिचा प्रोग्रॅम सांगायचा. मन उडालेल्यांचे खेळातले जोडीदार सोमवारपासून बदलायचे, असं वरून ठरलं होतं.

त्याआधी प्रत्येकाने घरच्या एका माणसावर प्रोग्रॅम चालवून बघायचा, ही तिथली रीत. लेकीने बाबांना विचारून त्यांच्या नोंदी काढल्या. बाबा रोज संध्याकाळी आपापल्या घरून, फोनवरच्या याच गेममध्ये काकांशी गाड्यांची शर्यत खेळायचे. हे दोघे सख्खे भाऊ. आजीच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद, एकमेकांच्या दारात पाऊल नाही. शर्यत मात्र चुकत नव्हती. घ्या, असलं हे भांडण!

प्रोग्रॅम म्हणाला, मन उडालंय, जोडीदार बदला. काकांचाही तोच निकाल. दोघांत एवढंच काय ते उरलं होतं, आणि तेही लेकीच्याच हातून तुटणार होतं.

तिने एक शर्यत उघडली. दोन्ही गाड्या सुसाट आल्या आणि शेवटच्या रेषेअलीकडे थांबल्या. वेळ संपेपर्यंत तशाच. दोघेही हरले. दुसऱ्या शर्यतीतही तीच गत. थांबला म्हणजे कंटाळला, एवढंच प्रोग्रॅमला शिकवलेलं, आणि शिकवणारी हीच शहाणी. तिने साहेबांना गाठलं. का थांबतात ते सांग, नाहीतर बदल होणारच, असं ते म्हणाले.

घरी येऊन तिने बाबांना विचारलं. धाकट्याला जिंकू द्यावं म्हणून मी थांबतो, पण ते गाढव पुढे जातच नाही, असं म्हणत बाबांनी कपाळाला हात लावला. मग तिने काकांना फोन लावला, मुद्दामच स्पीकरवर, आणि तेच विचारलं. काकांनी उलट तिलाच सवाल केला.

"थोरल्याच्या पुढे कसं जायचं गं?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. लेकीला वाटलं, आता उठून आत जातील. त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"जा की रे पुढे," ते म्हणाले. "मी आहे मागे."