दिवेलागणीचा कंटाळा

दिवाकर बोकडे गेले त्याला सव्वा महिना झाला होता, पण गुढियारी मोहल्ल्यातल्या त्या घरात दिवे लागायची वेळ झाली की त्यांच्या खोलीतून अजून "कंटाळा" ऐकू यायचं. एकदाच. आणि त्यांच्या पत्नी वनमालाबाईंच्या हातातलं काम तिथल्या तिथं थांबायचं.

पोराला सांगून पाहिलं. अभिनव फोनवर म्हणाला, "मम्मी, वहम है. मेरे पास आ जाओ." घ्या! बापाच्या तोंडी शेवटी उरला होता तो एवढाच शब्द, आणि पोरगा म्हणे वहम, नुसता भास!

माणूस तसा मुळातच कंटाळ्याचा. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढली, पण ड्यूटीचा कंटाळा, वांग्याच्या भाजीचा कंटाळा, बायकोच्या भावाचा तर फारच कंटाळा. मग लकवा मारला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि सगळ्या बोलण्यातून हा एकच शब्द तेवढा जिभेवर राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. पाणी पाहिजे, तरी कंटाळा. पाठ खाजते, तरी कंटाळा.

देखभालीला ठेवलेली रमा पहिल्याच दिवशी रडकुंडीला आली. ती हिंदीत बोले, बाई मराठीत, पण दोघींचं बरोबर जमे.

"हे पाह्य," वनमालाबाईंनी शिकवलं, "तुटक म्हणाले तर लघवी. लांबवला तर पंखा. लागोपाठ दोनदा म्हणाले तर कूस बदल. अन् नाकातून निघाला तर समज, शेजारचे निरंजनभाऊ येऊन राहिले."

रमा हसली, आणि आठवड्याभरात तयार झाली. एकाच कंटाळ्याबद्दल तिनं विचारलं. "अम्मा, वो संझा वाला?"

तो दिवे लागताना यायचा. हळू, बाईंच्या तोंडाकडे एकटक बघत म्हटलेला.

"चहा मागतेत," बाई म्हणाल्या आणि लगबगीनं गॅसकडे वळल्या.

खोटं! सपशेल खोटं. तो जिवाचा कंटाळा होता. पुरे झालं आता, असं सांगत होता तो माणूस, आणि बाईंना ते पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. कळलं म्हणून तर चहा. अकरा महिने त्यांनी रोज चमच्याचमच्यानं पाजला, आणि दिवाकररावांनी मुकाट्यानं घेतला. जवळ बसून "समजलं मले" एवढं म्हणायची बाईंची छाती झाली नाही. म्हटलं तर जातील, ही भीती. शेवटी गेलेच ते. कप उशाशी गार होत होता.

आता आवाज आला की बाई चहा करत, रिकाम्या पलंगाशी नेऊन ठेवत आणि थोड्या वेळानं मोरीत ओतत. अंगावर काटा यायचा, पण कप चुकला नाही.

काल रमा आली ती गादी उचलायला. पलंग भाड्याचा होता, दुकानवाला सकाळी नेणार होता.

"दिवे लागेस्तोवर थांब," बाई म्हणाल्या. त्यांना साक्षीदार हवा होता.

दोघी चादरीची घडी घालत होत्या. मागून मालगाडी गेली, खिडकीच्या काचा हलल्या आणि थांबल्या. रमानं बटण दाबलं. उजेड पडला.

"कंटाळा."

रमा जागच्या जागी थबकली.

"ऐकलं ना? ऐकलं ना वो तू बी?" वनमालाबाईंचा चेहरा उजळला. "मले येडी समजून राहिला तो पोट्टा!"

"हव अम्मा, सुना." रमानं चादर हळूच बाजूला ठेवली. "पर बोला तो आपने."

"चल, काहीतरीच!"

पण बाईंचा हात आपोआप ओठांकडे गेला होता. घसा खरखरत होता. त्या मटकन पलंगावर बसल्या. खोलीत दोघींशिवाय कोणी नव्हतं, आणि सव्वा महिन्यात बहुधा कधीच नव्हतं.

"चहा ठेव," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "जाय ना वो रमा, चहा ठेव."

रमा गॅसकडे गेली नाही. ती शेजारी बसली आणि तिनं बाईंचा हात आपल्या हातात घेतला.

"चाय नहीं, अम्मा. ये वाला तो मैं तब भी समझती थी."

वनमालाबाईंना हुंदका आवरेना. "त्याइले बी एवढंच पाहिजे होतं वो," त्या म्हणाल्या. "एवढंच पाहिजे होतं."