दोन पांढऱ्या रेघांचे हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे आणि मला कुणीतरी फोडून टाकावे एवढीच माझी इच्छा आहे. दचकू नका. जुनी खुर्ची, जुनी छत्री, जुनी सायकल तुम्हाला आपली कहाणी सांगतात आणि शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. माझे गाऱ्हाणे नेमके उलटे आहे. मला फार जपले गेले आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

मी राहतो ते दुकान डोंगराच्या पायथ्याशी आहे. दाराबाहेर मोटरसायकली ओळीने उभ्या असतात आणि समोरूनच घाट सुरू होतो. दूरदूरच्या देशांतून माणसे येतात, दोन-तीन दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतात, वर बर्फाला हात लावून येतात आणि विमान पकडून आपापल्या घरी जातात. गाडीबरोबर हेल्मेट मिळते. आत शिरल्यावर डाव्या भिंतीला खुंट्या आहेत, त्यांवर माझे भाऊबंद टांगलेले असतात. माझी खुंटी मात्र वेगळी, आरशाशेजारची. ती मानाची जागा आहे. हा मान मला कसा मिळाला ते ऐका, म्हणजे मला त्याची लाज का वाटते तेही कळेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बाहेरचे कडक कवच साच्यातून निघाले, आत थर्माकोलसारखा जाड थर बसला, त्यावर मऊ कापडाची गादी आणि खाली हनुवटीचा पट्टा. मी काळाभोर आणि चकचकीत होतो. पण तिथल्या तपासनीस बाईंना देखणेपणाचे काडीचे कौतुक नव्हते. त्या आमच्यातलाच एखादा उचलत, उंच दांड्याला अडकवत आणि खाली लोखंडी ऐरणीवर सोडून देत. धाडकन आवाज होई. मग त्याला उलटा करून आतला थर नव्या कामगारांना दाखवत.

“बघा, बाहेर नुसता ओरखडा आहे. पण आत चेपलंय सगळं. डोक्यावरचा मार ह्यानं स्वतः खाल्ला. हे काम हेल्मेट एकदाच करतं. दुसऱ्यांदा करायला त्याच्याकडे काही उरत नाही.”

एवढे बोलून त्या त्याला भंगाराच्या पिंपात टाकत. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग यायचा. केवढी निर्दय बाई, असे वाटायचे. आता मला रोज त्यांची आठवण येते.

कारखान्यातून मी इथे आलो. आमचा मालक वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गाडी परत आली की गिऱ्हाईकाशी बोलता बोलताच तो चेन बघतो, ब्रेक दाबून बघतो, टायरवरून अंगठा फिरवतो. ब्रेकचे लायनर जरा झिजले की काढून फेकतो. मालकीणबाई म्हणतात, “अहो, अजून चालतील की!” त्यावर तो म्हणतो, “माझ्या गाडीवर कुणाचं तरी लेकरू बसतं. चालतील म्हणून चालत नाही.” मालकीणबाईही तशाच. दर फेरीनंतर त्या माझी गादी काढून साबणाच्या पाण्यात धुतात आणि सावलीत वाळवतात. फक्त आमच्या जातीबद्दल दोघांची एक पक्की समजूत आहे. “हेल्मेटला काय होतंय? त्याला ना इंजिन, ना चेन!”

सुरुवातीची वर्षे फार सुखाची गेली. लोकांनी मला अक्षरशः डोक्यावर घेतले. मी ढग खालून वर येताना पाहिले, बोगद्यात शिरल्यावर आपलाच आवाज मोठा होऊन परत येतो तो ऐकला. कितीतरी डोक्यांमधली गाणी मला पाठ झाली. माणसे हेल्मेटमध्ये फार बेसूर गातात, कारण आपल्याला कुणी ऐकत नाही असे त्यांना वाटते.

मग तो उंच मुलगा आला. मित्रांच्या घोळक्यातला, सगळ्यात पुढे जायची हौस असलेला. बोगद्यापलीकडच्या वळणावर खडी पसरली होती. गाडी घसरली, तो उडाला आणि त्याचे डोके कठड्याच्या दगडावर आपटले. म्हणजे माझे आपटले. त्या एका क्षणात मी माझ्यातले सगळे त्याला देऊन टाकले. आतला थर करकरून चेपला आणि मार माझ्यातच जिरला. मुलगा उठून बसला, कपडे झटकले आणि म्हणाला, “इथं चहा कुठं मिळेल रे?” मित्र आधी रडले आणि मग हसत सुटले.

मित्रांनो, माझे आयुष्य तिथे सार्थकी लागले आणि तिथेच संपले. कारखान्यातल्या बाई तिथे असत्या तर त्यांनी मला उलटा करून पाहिले असते आणि पिंपात टाकले असते. पण टेम्पो घेऊन आमचा मालक आला. त्याने मला दोन्ही हातांत धरले. त्याचे डोळे भरून आले होते. “काळ आला होता, पण वेळ आली नव्हती,” तो म्हणाला. दुकानात आल्यावर त्याने फडक्याने मला पुसले, पांढऱ्या रंगाची डबी उघडली आणि माझ्या पाठीवर एक उभी रेघ ओढली. एका वाचवलेल्या जिवाची एक रेघ. मग त्याने आरशाशेजारी नवी खुंटी ठोकली आणि मला तिथे टांगले. माझे नाव पडले ‘लकी’.

त्यानंतर माझी कीर्ती काय विचारता! गिऱ्हाईक आवडले की मालक मला काढून देई. नव्या हेल्मेटपेक्षा लोकांनाही मीच आवडू लागलो. नवे कानाशी आवळते, कपाळाला रुतते. मी मात्र डोक्यावर कसा अलगद बसायचो. “अगदी माझ्याच मापाचं आहे!” असे प्रत्येक जण म्हणायचा. मी प्रत्येकाच्या मापाचा झालो होतो, कारण आतून चेपून गेलो होतो. बडा घर पोकळ वासा म्हणतात तशी माझी गत होती. वर्षांमागून वर्षे मी असा पोकळ फिरलो. खाली सुखरूप आलेला प्रत्येक जण मला थोपटून जायचा आणि मालकाचा विश्वास आणखी घट्ट व्हायचा. त्यांना डोंगराने सोडले होते, श्रेय मात्र मला मिळत होते.

मग एके दिवशी बाप-लेक आले. वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले, अखंड बोलणारे. तरुणपणी त्यांच्याकडे मोटरसायकल होती. लेक जन्मली तेव्हा ती विकून त्यांनी पाळणा आणला होता. आता लेक कमावती झाली होती आणि तिने वडिलांना परदेशात, थेट आमच्या डोंगरापाशी आणले होते. “बाबा, पाळण्याची परतफेड!” ती म्हणाली. वडिलांनी सगळ्या गाड्यांना हात लावून पाहिला, मालकाला आपल्या जुन्या गाडीची साग्रसंगीत कथा ऐकवली आणि हेल्मेटांपाशी आल्यावर म्हणाले, “मला काहीही चालेल हो. तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं आमच्या चिमणीला द्या.”

मालकाने प्रेमाने मला काढले आणि लेकीच्या डोक्यावर ठेवले. वडिलांना कोरे करकरीत हेल्मेट मिळाले.

पहिला दिवस गाण्यात आणि गप्पांत गेला. वडील गाडी चालवत होते आणि मागे वळून न बघता बोलत होते. कुठल्या गावच्या कुत्र्याने त्यांची पत्रांची पिशवी पळवली, कुठल्या आजीबाई आलेले पत्र त्यांच्याकडून तीन-तीनदा वाचून घेत. लेकीने हे सगळे शंभरदा ऐकलेले असणार, कारण किस्सा संपायच्या आधीच ती हसायची. मी तिच्या डोक्यावर बसून प्रत्येक वळणाला जीव मुठीत धरत होतो. हिला काही होऊ नये, एवढेच मागत होतो. देवाने माझे ऐकले. कसे ऐकले ते आता सांगतो.

दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरच्या टपरीवर दोघे थांबले. वडिलांनी हेल्मेट काढले तेव्हा त्यांच्या कपाळावर लाल वळ उठला होता.

“बाबा, हे काय रे? दुखतंय आणि बोललाही नाहीस!”

“नवीन जोडा आणि नवीन जावई, दोघंही थोडे चावतातच.”

“पुरे झाले तुझे विनोद. हे माझं घाल. मऊ आहे बघ कसं.”

“छे, लकी तुझ्याकडेच राहू दे.”

“पुढे तू बसतोस. लकीची गरज तुला जास्त. घाल म्हटलं ना!”

लेकीपुढे बापाचे काय चालणार? तिने स्वतःच्या हातांनी मला त्यांच्या डोक्यावर बसवले, हनुवटीखाली पट्टा लावला आणि गालावर चापट मारली. वडील म्हणाले, “वा! आता कसं डोकं घरी आल्यासारखं वाटतंय.” मी ओरडू शकलो असतो तर तिथेच ओरडलो असतो.

उतरताना एका ठिकाणी वितळलेल्या बर्फाचे पाणी रस्त्यावरून वाहत होते. वेग काहीच नव्हता. गाडी हळूच आडवी झाली, चालता चालता माणूस घसरावा तशी. लेकीचे कोपर खरचटले. वडिलांचे डोके रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकले. टेकले, एवढेच म्हणतो, आपटले असे म्हणण्याइतका तो मार मोठा नव्हताच. धडधाकट हेल्मेटने तो हसत गिळला असता. मी मध्ये होतो, पण माझ्याकडे द्यायला काही उरले नव्हते. सगळा मार माझ्यातून आरपार गेला.

दवाखान्यात मी खिडकीत पडून होतो. लेक वडिलांचा हात धरून बसली होती. किती दिवस, ते मी मोजले नाहीत. वडिलांनी डोळे उघडले तेव्हा ती ताडकन उठली आणि तिने आनंदाने हाक मारली, “बाबा!” त्यांनी तिच्याकडे पाहिले. ओळख नसलेल्या माणसाकडे पाहून आपण हसतो तसे ते सौजन्याने हसले आणि खूप वेळ शब्द शोधून म्हणाले, “अहो, तुम्ही उभ्या का? बसा ना.”

त्यानंतर ते क्वचितच बोलले. कुत्रा, पिशवी, आजीबाई, सगळे कुठेतरी पडून गेले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, “बघू, वेळ लागेल,” आणि असे म्हणताना त्या लेकीकडे बघत नव्हत्या.

मालक डबा घेऊन आला. तो त्याने लेकीपुढे ठेवला. मग त्याने मला उचलले आणि म्हणाला, “ताई, जिवावरचं शेपटावर निभावलं म्हणायचं. हे नसतं तर...” लेकीने मला त्याच्या हातून घेतले, छातीशी धरले आणि ती पोटभर रडली. “ह्यानंच वाचवलं माझ्या बाबांना,” ती म्हणाली. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ काही सोसले आहे, पण ते उपकाराचे अश्रू मला अजून सोसत नाहीत. जिवाच्या आकांताने मला सांगायचे होते की बाई गं, तुझ्या डोक्यावर ते नवे हेल्मेट होते ना, तेच त्यांच्या कपाळावर राहू द्यायचे होते. थोडे रुतले असते, एवढेच.

ती मला आठवण म्हणून घेऊन गेली असती तरी बरे झाले असते. पण तिचे मन मोठे. निघताना तिने मला मालकाच्या हातात ठेवले. “जपून ठेवा हं. आणखी कुणाच्या तरी बाबांच्या कामी येईल.” वडील शेजारी चाकांच्या खुर्चीत बसले होते. त्यांनीही मालकाला सौजन्याने मान हलवली.

दुकानात आल्यावर मालकाने पांढऱ्या रंगाची डबी उघडली आणि माझ्या पाठीवर पहिल्या रेघेशेजारी दुसरी ओढली. जरा सरकवून ओढली, पुढे जागा राहावी म्हणून. मालकीणबाईंनी माझी गादी धुतली. नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतली.

म्हणून म्हणतो मित्रांनो, तुमच्या घरात एखाद्या खुंटीवर माझ्यासारखा कुणी असेल आणि त्याने एकदा कुणासाठी मार खाल्ला असेल, तर त्याचे आभार माना आणि त्याला मोकळे करा. पट्टा कापा, हातोडी घ्या आणि पुन्हा कुणाच्या डोक्यावर बसणार नाही असा फोडा. जीव लावू नका, रेघा ओढू नका. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. पण तुम्ही हे ऐकाल याची मला फारशी आशा नाही. इतकी वर्षे मी ज्यांच्या कानांना चिकटून बसलो, त्यांनीही ऐकले नाही.

आत्ताच शटर उघडले आहे. एक नवरा-बायको आले आहेत, बरोबर शाळकरी मुलगी आहे. ती आरशात बघून केस सारखे करते आहे. तिची आई मालकाला म्हणते आहे, “हिच्यासाठी जरा विश्वासाचं द्या हं.” मालक हसला. नव्या हेल्मेटांच्या ओळीवरून त्याचा हात पुढे सरकला आणि आरशाकडे आला.