निंबाने मशिनीला सांगितलं ते

देश तेव्हा नुकता एक होत होता. संस्थानं विलीन होत होती आणि नव्या राज्यात सगळं कसं छान चाललंय ते पडद्यावर दाखवायचं म्हणून सिनेमावाल्यांची मोटार जसोंडीच्या पुढे, आमच्या गावी आली. त्यांना सुखी शेतकरी हवा होता म्हणे. आता आमच्या गावात सुखी माणूस कुठून आणायचा! पण निंबाचे दात चांगले होते, म्हणून निंबाला धरलं.

आमच्या पायऱ्यांच्या बावडीत नारू होता. ते पाणी प्यालं की वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा, मग तो रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत बसायचं. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बावडी बुजवा, पाण्यात कुणाचा पाय पडणार नाही अशी गोल विहीर खणा. सगळ्यांनी मिळून खणायला सुरुवातही केली होती.

सिनेमावाल्यांनी निंबाला बावडीवर उभं केलं. ओंजळीने पाणी पी आणि हस, म्हणाले. तो प्याला, हसला. मग हात जोडून मशिनीलाच म्हणाला, "मायबाप, ह्या पान्यात नारू हाय. पोरायचे पाय सडून राहिले. आमाले गोल विहीर बांधून द्या."

ती मशीन नुसतं चित्र घेत होती, आवाज घेत नव्हती. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही समजलो, सरकारची मशीन म्हणजे सरकारचा कान.

त्याच दिवशी खणणं थांबलं. चुडामण पाटील म्हणाले, "आता दिल्लीले समजलं. सरकारी विहीर येनार, आपन हात कायले मोडायचे?" सगळ्यांना पटलं. काम टळणार असेल तर आम्हाला काहीही पटतं. गाव वाट पाहत बसलं आणि बावडीचंच पाणी पीत राहिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात निंबाच्या पायातला नारू ओढताना तुटला, पाय मांडीपर्यंत सुजला आणि तो गेला. त्याची बायको मालूबाई तरीही म्हणायची, "त्यायनं सांगतलं हाय. येतीन ते लोक."

हिवाळ्यात तो सिनेमा जवळच्या चांदनी गावच्या बाजारात आला. गाव गाड्या जुंपून निघालं. विधवा बाई असल्या ठिकाणी जाते का, अशी कुजबुज झाली. पण नवऱ्याचं म्हणणं चारचौघांत ऐकू येणार म्हणून मालूबाई आलीच.

पडद्यावर निंबा पाणी प्याला, हसला. त्याने हात जोडले, ओठ हलले, आणि वरून कुणाचा तरी भरदार आवाज आला, "गाँव-गाँव में निर्मल जल! किसान हाथ जोड़कर धन्यवाद दे रहा है!"

मालूबाई उठून उभी राहिली. "हे त्यायचं बोलनं नाही! त्यायनं नारूचं सांगतलं व्हतं!"

"ए बाई, खाली बस! आयकू दे ना!"

हे परके लोक नव्हते, आमच्याच गावचे होते. आमचा निंबा, आमची बावडी पडद्यावर दिसत होती ना! टाळ्या थांबत नव्हत्या. मेल्या माणसाच्या तोंडात खोटं घातलं आणि आम्ही खुश.

सिनेमा संपला. सिनेमा दाखवणाऱ्या मशीनवाल्याने विचारलं, "फिर से देखोगे क्या?"

सगळ्यांच्या आधी मालूबाई ओरडली, "लावा! लावा ना दादा!"

ती पुढे जाऊन अगदी पडद्याला लागून बसली. निंबा पुन्हा पाणी प्याला, पुन्हा हसला. तो भरदार आवाज पुन्हा आला, पण ती निंबाच्या हलणाऱ्या ओठांकडेच बघत होती.