भिकार कुलूप

खट्.

बाळाच्या पापण्या थरथरल्या. अर्धी दुपार थोपटल्यावर कुठे डोळा लागला होता. मी श्वास रोखून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वयंपाकघरात बसलेल्या धाकट्या भावाकडे डोळे वटारले. काळजी लागली की लोक नखं खातात. हा कुलपं उघडतो आणि लावतो.

"ठेव ते खाली," मी कुजबुजले.

"हात थांबत नाहीत गं ताई."

"हात थांबत नाहीत म्हणूनच तर उद्या कोर्टात जायचंय!"

टेबलाखाली माझी लेक मुंगी मामाच्या किल्ल्यांची आगगाडी करत होती. ती खुदकन हसली.

माझा भाऊ कुलूपवाला. कोपऱ्यावर त्याचं स्वतःचं दुकान आहे. झालं असं, की त्याच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडबाई लेकीकडे गेल्या आणि घरातलं गजराचं घड्याळ बोंबलत राहिलं. सगळी इमारत वैतागली. भावाने केसांची पिन घेतली, दार उघडलं, घड्याळ बंद केलं. इथे थांबला असता तर शहाणा ठरला असता. पण त्याने दाराचं कुलूप निरखून पाहिलं. पिनेला चटकन वश होणारं कुलूप बघून त्याला राहवेना. त्याने पिशवीतलं उत्तम कुलूप तिथे बसवलं, फुकट, आणि जुनं खिशात टाकलं. नव्या किल्ल्या बाई आल्यावर देऊ म्हणाला.

बाई न कळवता आल्या. किल्ली लागेना. पोलीस आले, आणि त्यांना ते जुनं कुलूप लगेच सापडलं. दुकानाच्या काचेत टांगलेलं होतं, खाली पाटी: 'भिकार कुलूप कसं असतं ते पाहा.'

बेल वाजायच्या आत मी दार उघडलं. वहिनी. आमच्या थोरल्या भावाची बायको, फौजदारी वकील. काळा कोट काढत ती कुजबुजतच आत आली. तिनेही दोन पोरं वाढवलीत.

"वहिनी, मी ठरवलंय," भाऊ म्हणाला. "उद्या सगळं कबूल म्हणून टाकतो. दंड भरतो, सुटतो."

"भाऊजी, तुमच्यावर आरोप काय आहेत ते माहीत आहे का तुम्हाला?"

"तेच, आगाऊपणाचा."

"आगाऊपणाला कलम असतं तर आपलं अख्खं घर आत असतं." वहिनीने खुर्ची ओढली. "नीट ऐका. परवानगीशिवाय घरात शिरलात, हा एक आरोप. तो लहान. चोरीच्या इराद्याने कुलूप उघडून शिरलात, म्हणजे घरफोडी, हा दुसरा. कुलूप नेलंत, ही चोरी. शेवटच्या दोन्हींत कैद होऊ शकते. नाही झाली, नुसता दंड झाला, तरी दोषी ही नोंद राहते."

"राहू दे की. कोण बघतंय!"

"परवाना देणारे बघतात. घरफोडीत दोषी ठरलेल्या माणसाला कुलूपवाल्याचा परवाना कोण देईल? मांजराला दुधाच्या दुकानात बसवल्यासारखं होईल ते."

भावाचा चेहरा उतरला. त्या दुकानाशिवाय त्याला दुसरं काही येत नाही. दुसरं काही आवडतही नाही.

"हेडबाईंची मी माफी मागतो. पाया पडतो."

"मागाच. पण आता ते त्यांच्या हातात राहिलेलं नाही. सरकारने आरोप ठेवलेत. सगळं येऊन अडतं एका गोष्टीवर, इराद्यावर." वहिनी पुढे झुकली. "आठवून सांगा. कुलूप खिशात घातलंत तेव्हा परत द्यायचं मनात होतं, हो ना?"

त्या 'हो ना'वर तिने एवढा जोर दिला की भिंतीनेही मान डोलावली असती. माझा भाऊ मात्र विचारात पडला.

"तेव्हा... नव्हतं बहुतेक."

"भाऊजी!"

"अहो, पण चोरायचंही नव्हतं! ते भंगारवालाही घेणार नाही."

"मग होतं तरी काय मनात?"

"खरं सांगू? नुसतं 'शी!'"

वहिनीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तिचे खांदे गदगदू लागले, मग माझे. बाळ चुळबुळलं, तशी आम्ही दोघी गप्प.

"उद्या हेच सांगा," ती डोळे पुसत म्हणाली. "घरात शिरलो, कबूल. घरफोडी, चोरी, नाकबूल. आणि विचारलं तर जसं आत्ता सांगितलंत, तस्संच."

"'शी'सुद्धा?"

"'शी'सुद्धा. शिकवलेलं वाक्य तुमच्या तोंडात शोभत नाही. पण ऐका, ते पटेलच असं मी सांगू शकत नाही."

भावाने मान हलवली. मी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि लहानपणी ठेवायचे तसा त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मुंगी टेबलाखालून बाहेर आली आणि मामाच्या मांडीवर चढली. त्याच्या तोंडाकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"आई, मामा खरं बोलतो हे आपल्याला माहितीये, कारण तो आपला मामा आहे. पण जजचा तो कुणीच नाही ना? मग त्यांना कसं कळणार?"