भोपळ्याचं कार्ड

उषा तशी खोटं बोलणारी बाई नव्हती. खोटं लिहायची मात्र नेमाने, आणि तेही सुरेख अक्षरात.

जळगावाबाहेर, जुन्या जिनिंग मिलच्या मागे तिची पत्र्याची शेड होती. टाकून दिलेली, गाडीखाली आलेली, खरजेने केस झडलेली कुत्री फारुख आपल्या रिक्षातून आणायचा आणि उषा त्यांना बरं करायची. खरी पंचाईत पुढेच. घेणार कोण? लोक यायचे, लांबूनच बघायचे, "गावठीच आहे ना?" म्हणत नाक मुरडायचे आणि चालते व्हायचे. जसे काही हे स्वतः विलायतेतून उतरलेत! शेवटी वैतागून तिने एका कुत्र्याच्या दत्तक कार्डावर 'लॅब्राडोर मिक्स' असं ठोकून दिलं. त्याच दिवशी कुत्रं घरी लागलं. मग काय विचारता! कान पडके असले की लॅब्राडोर, केस जास्त असले की पामेरियन, डोकं रुंद असलं की पिटबुल.

"ताई, तुम्ही तर सगळ्यांना साहेब करून टाकलं," फारुख हसायचा.

तीही हसायची. कुणाचं काय बिघडत होतं? त्रेसष्ट कुत्र्यांना घर मिळालं होतं.

भोपळ्या त्यातलाच एक. पारोळ्याच्या बाजारात सापडलेलं पिल्लू, अंगापेक्षा डोकंच मोठं. तीन वर्षांपूर्वी चोपड्याकडच्या झुलालनानांना केळीच्या बागेसाठी कुत्रं हवं होतं. मोटारीची केबल सारखी चोरीला जायची. "जात जबरी पाहिजे बरं," नाना म्हणाले. उषाने कार्डावर 'पिटबुल' लिहिलं. पण त्यावर स्वतःचं नाव घालायला नाना मात्र राजी नव्हते. मोठी माणसं हुशार असतात ती अशी. नाव घातलं त्यांच्या सालदाराचं, सालाने राबणाऱ्या खाज्याचं.

खाज्या सातपुड्याच्या पायथ्याचा. बायको दगडीबाई आणि तो वर्षभर बागेतल्याच खोपटात राहायचे. अक्षराची ओळख नाही. "हे कार्ड जपून ठेव. कुणी काही म्हटलं तर हेच दाखवायचं," उषाने त्याला बजावलं होतं. त्याने ते प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवलं. दरवर्षी ती लस टोचायला गेली की तो आधी कार्ड काढून दाखवायचा आणि मग भोपळ्याला हाक मारायचा.

यंदा नवा नियम आला. ठरावीक जातींची कुत्री धोकादायक, ती पाळायची नाहीत. तसलं कुत्रं कुणाला चावलं तर कार्डावर ज्याचं नाव, त्याच्यावर गुन्हा. उषाने वाचलं आणि सोडून दिलं. आपल्याकडे कुठे आहेत तसली कुत्री, असं तिला खरोखर वाटलं. स्वतः काय लिहून ठेवलंय, तेच बाई विसरली होती.

पंधरा दिवसांत केळी कापायला आलेल्या एका माणसाच्या हातून घड निसटला आणि भोपळ्याच्या पायावर पडला. कुत्रं कळवळलं आणि त्याने त्या माणसाच्या पोटरीला दात लावले. तीन टाके पडले. कुठलंही कुत्रं चावलंच असतं. पण 'आपल्याकडे पिटबुल शे' हे नानांनी तीन वर्षं गावभर मिरवलेलं. तक्रारीत तोच शब्द आला. भोपळ्याला पिंजऱ्याच्या गाडीत घातलं आणि खाज्याला, उषाला तालुक्याला बोलावणं आलं.

आदल्या दिवशी खाज्याने कुणाच्या तरी फोनवरून विचारलं, "ताई, साहेबनी बलायेल शे. मी काय सांगू?"

उषा मनाशी हिशेब करू लागली. खरं सांगावं तर त्रेसष्ट कार्डं उघडी पडणार. संस्थेचा परवाना जाणार, शेडमधली एकोणीस कुत्री पुन्हा रस्त्यावर येणार. गप्प बसावं तर भोपळ्याला शेडमध्ये आणता येईल आणि खाज्या तंबीवर सुटेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

"कार्डावर आहे तेच सांग, पिटबुल," ती म्हणाली. "कुणी काहीही म्हणो, शब्द बदलू नकोस."

"नही बदलाव ताई."

तालुक्याच्या कचेरीतला साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने दोघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. नाना आलेच नव्हते. खाली आवारात गाडी उभी होती आणि मधूनच भोपळ्याचं केकाटणं वर ऐकू यायचं.

"कुत्रं आमच्या संस्थेत द्या," उषा म्हणाली. "मी सांभाळते."

"नाही देता येत. ही जात संस्थेलाही ठेवता येत नाही आणि दुसऱ्या कुणाला देताही येत नाही."

"मग ते जाणार कुठे?"

साहेबाने नजर चुकवली. "पंधरा दिवस पिंजऱ्यात. पुढे समिती ठरवेल. फार आशा ठेवू नका, बाई. आणि ह्यांच्यावर गुन्हा दाखल करावाच लागेल."

उषाने शेजारी पाहिलं. खाज्या मांडीवर पिशवी धरून निवांत बसला होता. ताई सोबत आहे ना, मग कशाची भीती! ते बघून तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. जाऊ दे शेड, जाऊ दे परवाना.

"साहेब, ते पिटबुल नाही. साधं गावठी आहे. मी खोटं लिहिलं. सगळ्याच कार्डांवर खोटं लिहिलं."

उषाला रिक्षातून घेऊन आलेला फारुख दारात उभा होता; त्याने कपाळाला हात लावला.

साहेबाने पेन खाली ठेवलं. "बाई, तेव्हा खोटं लिहिलंत, की आत्ता कुत्र्यासाठी खोटं बोलताय?"

"तेव्हा! रक्त तपासा हवं तर."

"तसली तपासणी इथे कोण करणार? मी कागद बघणार आणि मालकाचा जबाब घेणार." तो वळला. "खाज्याभाऊ, तुम्ही सांगा. कुत्रं गावठी की पिटबुल?"

"सांग खाज्या, गावठी आहे म्हणून सांग!" उषा जवळजवळ ओरडलीच.

खाज्याने तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश पिशवी उघडली आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

"पिटबुल शे साहेब. ताई माले वाचवासाठे अशी बोली रायनी. आमनी ताई खोटं लिखत नही."

उषा बोलत राहिली, हात जोडत राहिली. साहेबाने जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला आणि खाज्याने त्याखाली अंगठा उमटवला.

खाली आवारात भोपळ्याने दोघांना ओळखलं. पत्र्यावर शेपटी बडवायला लागला. खाज्याने बोटाची शाई धोतराला पुसली आणि कार्ड जपून पिशवीत ठेवलं.

"मी शब्द नही बदला, ताई," तो म्हणाला. "आते याले कदी सोडतीन?"