गिरणीच्या जागी उभा राहिलेला ताणा

दार-एस-सलामच्या आमच्या वस्तीत बायका भांडताना तोंड कमी वापरतात, अंगाभोवती गुंडाळायचा कांगा जास्त. कांग्याच्या काठावर ओळ छापलेली असते. जिला ती सुनावायची, तिच्यासमोरून कांगा नेसून फिरायचं, झालं.

साउदाबी यात पटाईत. ज्या कापडगिरणीत तिनं मागावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, लावण्यात उमर घालवली, ती पाडून तिथं कचेऱ्यांची उंच इमारत होऊ लागली, आणि तिची लेक झुहुरा तिथंच क्रेन चालवू लागली. झुहुरा पहिल्या दिवशी कामाला निघाली, तेव्हा दारात पाठमोऱ्या बसलेल्या आईच्या कांग्यावर लिहिलं होतं, 'आपलं बोलणं संपलं.' तेव्हापासून घरात ताट पुढे सरकायचं, शब्द नाही.

इमारत मात्र वाढत गेली. सकाळी काचेवर समुद्र उतरायचा, दुपारी ढग, तिन्हीसांजेला पिकल्या आंब्याचा रंग. जाणारे-येणारे मान वर करून थबकायचे.

शेवटची तुळई चढवायच्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना बोलावणं होतं.

"तुझी आई यायची का गं?" मुकादम किटवानानं खालून वॉकीटॉकीवर विचारलं.

"ती कुठली येतेय, काका."

"मग फाटकाशी कमरेवर हात ठेवून उभी आहे ती कोण?"

झुहुरानं खाली पाहिलं. लाल-काळा ठिपका. एवढ्या उंचावरून ओळ कशी वाचायची? चारचौघांत काय नेसून आली असेल? तरी तुळई तिनं निजलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तशी टेकवली, आणि मग खाली उतरली.

आई लेकीकडे बघेना. ती बघत होती काचांमधल्या उभ्या पट्ट्यांकडे, पायथ्यापासून पार आभाळापर्यंत.

"एकही धागा ढिला नाही," ती पुटपुटली. "इतका लांब ताणा मी जन्मात लावला नाही."

"आई, कांग्यावर काय आहे?"

"वाच की. शाळेत कशाला घातलं होतं तुला?"

झुहुरा तिच्या पाठीमागे गेली. काठावर एवढंच होतं, 'ही लेक माझी.'

ती काही बोलणार, तोच साउदाबीनं तिचं मनगट धरलं. "रडणं मग. आधी वर ने मला. आणि तो लिफ्टचा पाळणा हळू न्यायला सांग."

वरच्या मजल्यावर वारा भणाणत होता. साउदाबी कठड्याला धरून समुद्राकडे वळली.

"एवढी वर्षं इथं राबले," ती म्हणाली, "आणि समुद्र इतका जवळ होता, ते आज कळतंय."