भरीव आवाज

सुलभाबाईंनी जिप्समच्या नव्या भिंतीवर टकटक केलं. पोकळ. हात पुढे सरकवला. पोकळच.

"टेप लगाई है ना अंदर? की नुसतीच पुट्टी थापलीय?"

नफीस मिस्त्री दोन बोर्डांच्या सांध्यावर पत्तीनं पुट्टीचा दुसरा हात ओढत होता. "अम्मा जी, कल आपने नाखून से खुरचकर देखी थी. थी कि नहीं?"

होती. पण काल होती म्हणून आज असेलच असं थोडंच आहे? अठ्ठावीस वर्षं इकडे उत्तरेत, अलीगंजात सब्जीवाल्याची तागडी उलटी करून बघितलेली बाई ती.

तशी ही भिंत त्यांनी मागितलीच नव्हती. गेल्या महिन्यात त्या एकट्याच चौकच्या बाजारात गेल्या आणि घरी यायला उशीर झाला. वाट चुकल्या नव्हत्या. चिकनच्या भरतकामाचे कपडे विकणाऱ्या एकाच्या ओट्यावर त्याच्या बायकोशी गप्पा मारत बसल्या होत्या. घरात कुणी ते खरं मानलं नाही. आठवड्यानं हृषीकेश म्हणाला, "आई, हॉलमध्ये तुझ्यासाठी वेगळी खोली करतो. तुझी स्वतःची." पोटचा पोर इतकं गोड याआधी कधी बोलला होता?

सरकत्या दाराच्या कडेला, बाहेरच्या अंगाला, आवाज बदलला. टीचभर जागा भरीव.

"यहाँ क्या भरा है?"

"लकड़ी. सिर्फ़ बोर्ड में पेच नहीं टिकता."

"कशाचा पेच?"

नफीसची पत्ती थांबली. "कुंडी का. भैया ने कहा था."

"कडी? बाहर से?"

 पत्तीवरची पुट्टी फरशीवर पडली, ती त्यानं पुसलीही नाही.

सुलभाबाई वेताच्या मोड्यावर बसल्या. पदरानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला. ओरडून उपयोग नव्हता. ओरडलेल्या बाईला वेडी ठरवणं तर आणखी सोपं.

"निकालो," त्या म्हणाल्या.

"भैया पूछेंगे तो?"

"तीन दिन से मैं पूछ रही हूँ, मर गए क्या?"

नफीस गालात हसला. मग चाकू काढून त्यानं स्वतःच घोटलेला, वाळलेला सांधा चिरला. बोर्डाचा तुकडा कापला, लाकडी ठोकळा ओढून काढला, तुकडा परत बसवून वर टेप चिकटवली.

संध्याकाळी हृषीकेशनं भिंतीला बोट लावलं. "अभी तक गीला है?"

"सुकू दे की. कसली घाई आहे तुला?"

रंग झाल्यावर हृषीकेशच्या देखत नफीसनं दाराला बाहेरून कडी बसवली.

"दार वाऱ्यानं सरकतं ना, आई, म्हणून," हृषीकेश भिंतीकडे बघत म्हणाला.

"हो बाबा. वारा फार."

तो फोन घ्यायला आत गेला. नफीसनं पिशवी खांद्याला लावली आणि सुलभाबाईंजवळ वाकला.

"कभी कुंडी लगी मिले तो धक्का ज़रा धीरे से दीजिएगा, अम्मा जी. दीवार हमने मन से बनाई है."